आंदोलनाचे कपडे आणि ॲबोरिजिनल जमीनहक्क चळवळ

ऑस्ट्रेलियात मूळ रहिवाशांची (ॲबोरिजिनल लोकांची) जमीनहक्काची चळवळ 1966 च्या वेव्ह हिल संपानंतर, म्हणजे त्या नावाच्या गुरांच्या फार्मवरच्या मूळ रहिवासी कामगारांच्या संपानंतर, जोर धरत गेली, आणि मोर्च्यातले टी-शर्ट, डोक्याला बांधायच्या पट्ट्या, बिल्ले बघितले तर काळा, लाल, पिवळा हेच रंग सगळीकडे. हे रंग हॅरॉल्ड थॉमस या लुरित्जा समाजातल्या ॲबोरिजिनल चित्रकाराच्या झेंड्यातले, त्यामुळे कपड्यांचं सांगायचं तर झेंड्याचं आधी सांगावं लागतं. काळा म्हणजे माणसं, लाल म्हणजे माती आणि पिवळा गोल म्हणजे सूर्य.

झेंडा पहिल्यांदा ॲडलेडच्या व्हिक्टोरिया स्क्वेअरमध्ये नॅशनल ॲबोरिजिन्स डेला, म्हणजे मूळ रहिवाशांच्या राष्ट्रीय दिवशी, फडकला. साल 1971, याबद्दल वाद नाही. तारीख मात्र बऱ्याच ठिकाणी 12 जुलै देतात आणि काही जण 9 जुलै म्हणतात. 9 ला शुक्रवार होता, 12 ला सोमवार, आणि पुढच्या वर्षी हाच दिवस 14 जुलैला, म्हणजे शुक्रवारीच पाळला गेला, त्यामुळे 9 जुलै जास्त पटते. 26 जानेवारी 1972 ला कॅनबेरात संसदेसमोर टेंट एम्बसी, म्हणजे आंदोलकांचा तंबूतला ‘दूतावास’, उभी राहिली तिथे सुरुवातीला वेगळेही झेंडे होते, थॉमसचा नंतर पक्का झाला.

अंगावरच्या वापरात 1988 महत्त्वाचं. गोऱ्यांच्या वसाहतीला 200 वर्षं झाली म्हणून 26 जानेवारीला सरकारी सोहळा चालू होता आणि त्याच दिवशी सिडनीत हजारो लोक मोर्च्यात उतरले. ‘व्हाइट ऑस्ट्रेलिया हॅज अ ब्लॅक हिस्ट्री’ ही त्या काळातली शर्टावरची गाजलेली घोषणा. 1994 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कॅथी फ्रीमन या ॲबोरिजिनल धावपटूने 400 मीटर जिंकून हा झेंडा घेऊन फेरी मारली, अधिकाऱ्यांनी तंबी दिली तरी 200 मीटरनंतर परत तेच केलं.

पुढचा वाद कॉपीराइटचा. 1995 मध्ये झेंड्याला सरकारी मान्यता मिळाली, 1997 मध्ये कोर्टाने हक्क थॉमसचा ठरवला, ते योग्यच होतं. पण 2018 मध्ये कपड्यांवर झेंडा छापायचे हक्क वॅम क्लोदिंग या कंपनीकडे गेले, आणि 2019 मध्ये क्लोदिंग द गॅप या ॲबोरिजिनल मालकीच्या ब्रँडमागच्या लोकांनाच नोटीस आली. ज्यांची चळवळ त्यांनाच शर्ट छापायला परवानगी मागायला लावणं हा सरळ अन्याय होता. ‘फ्री द फ्लॅग’ मोहिमेनंतर जानेवारी 2022 मध्ये सरकारने 2 कोटी डॉलरहून जास्त रक्कम मोजून हक्क विकत घेतले. आता कपड्यांवर कुणीही छापू शकतं, फक्त विक्रीसाठी झेंडे बनवायचा हक्क अजून एकाच कंपनीकडे आहे.