‘नोटोरिअस’ शास्त्रज्ञ आणि बुटांचं खोकं

परीक्षेच्या आदल्या रात्री इंग्रजीचे दोनशे शब्द घोकणं म्हणजे दिंडोरीच्या द्राक्षबागेला महिन्याचं पाणी एकाच दिवशी सोडणं. मुळांना मिळतं थोडंच, बाकीचं खाली झिरपून जातं. शब्दांनाही ठिबकच लागतं.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि काही काळाने तेच पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो, ते मोजायचं. एका दिवसानंतर ही बचत सुमारे एक तृतीयांश उरली, महिन्यानंतर एक पंचमांश. म्हणजे मोठी गळती पहिल्याच दिवशी होते. अर्थ असलेले शब्द थोडे जास्त टिकतात, पण गळतीची चाल तीच.

मग रोज वाचत राहावं? नुसतं वाचून भागत नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते; आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. वाचताना शब्द ओळखीचा वाटतो आणि ‘येतंय की’ असा भास होतो, तिथेच फसगत होते.

आठवण्याची सवय लावायला बुटांचं रिकामं खोकं पुरतं. त्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. सेबास्टियन लाइटनर या विज्ञान पत्रकाराने १९७२ मध्ये ही पद्धत लोकप्रिय केली. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड करायचं. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. कप्पे अनुक्रमे १, ३, ७, १४ आणि ३० दिवसांनी उघडायचे. शब्द आठवला तर कार्ड पुढे, चुकला तर थेट पहिल्यात. रोज आठ नवे शब्द घेतले आणि फारसे चुकले नाहीत, तर काही आठवड्यांनी रोजची उजळणी चाळीसेक कार्डांवर स्थिरावते. एका कार्डाला दहा सेकंद धरले, तर सात मिनिटं. दहावी-अकरावीच्या वेळापत्रकात एवढं बसतं.

खरी मेख कार्डावर काय लिहायचं यात आहे. एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला फक्त मराठी अर्थ, हे नको. ‘नोटोरिअस = प्रसिद्ध’ असं पाठ केलेला मुलगा निबंधात सी. व्ही. रामन यांना कुख्यात करून ठेवतो. ‘इकॉनॉमिक’ आर्थिक, ‘इकॉनॉमिकल’ काटकसरी. ‘थ्रिफ्टी’ काटकसरी, पण ‘स्टिंजी’ कंजूष. म्हणून पुढे गाळलेल्या जागेचं वाक्य आणि शब्दाचं पहिलं अक्षर, मागे शब्द आणि अर्थाची छटा.

‘अडॉप्ट’, ‘अडॅप्ट’, ‘अडेप्ट’ एकाच दिवशी घेऊ नका. सारखे दिसणारे किंवा जवळच्या अर्थाचे नवे शब्द एकमेकांच्या आठवणीत लुडबुड करतात. पहिला पक्का झाला की आठवड्याने दुसरा. शब्दसंग्रहाची बरीच पुस्तकं नेमकी उलट रचलेली असतात.

मुळं ओळखता आली तर काम हलकं होतं. नाशिकमध्ये ‘व्हिटिकल्चर’ हा शब्द वायनरीमुळे कानावर येतोच. लॅटिनमध्ये ‘व्हिटिस’ म्हणजे द्राक्षवेल, ‘एपिस’ म्हणजे मधमाशी, म्हणून मधमाशीपालन ते ‘एपिकल्चर’. ‘डेंटल’ आणि आपला दंत तर भाऊबंदच. पण मुळावर विसंबून अर्थ ठोकू नका. ‘पेडेस्ट्रियन’मधलं ‘पेड’ पायाचं, आपल्या ‘पद’शी नातं सांगणारं, बालरोगतज्ज्ञाच्या पाटीवरच्या ‘पीडिअ‍ॅट्रिशियन’मधलं मात्र ग्रीक, मूल या अर्थाचं. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये तिथे ‘पी’नंतर एक जादा ‘ए’ असतो, आणि तेवढ्यावरून दोन्ही वेगळे ओळखता येतात.