घरगुती नॅस : दूरप्रवेश

घरच्या राउटरला जोडलेल्या साठवण-पेटीतील फायली घराबाहेरून, इंटरनेटमार्गे वाचता-लिहिता याव्यात म्हणून केलेली व्यवस्था. अशा पेटीला व्यवहारात नॅस म्हणतात. घरात असताना संगणक आणि नॅस एकाच राउटरवर असल्याने फोल्डर सरळ उघडते. पेटी नागपुरात मानेवाड्याच्या घरी आणि मुलगी नोकरीला हिंजवडीत, अशी स्थिती आली की अडचण सुरू होते. ही अडचण साठवणीची नसून पत्त्याची असल्यामुळे प्रस्तुत नोंदीत पत्त्यांचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

आयपी म्हणजे इंटरनेटवरील यंत्रांना पत्ते देणारा नियमसंच. त्याच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा असून असे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. ते पुरणार नाहीत हे १९९० च्या सुमारास स्पष्ट झाले होते. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांविषयीचे क्रमांकित टिपण) नुसार खाजगी वापरासाठी राखीव आहेत. एकच पत्ता लाखो घरांत असू शकतो, त्यामुळे बाहेरून त्या पत्त्यावर काही पाठवता येत नाही. घरातले खाजगी पत्ते बाहेरच्या एका सार्वजनिक पत्त्यामागे झाकण्याचे काम राउटर करतो. या पत्ता-भाषांतराला नॅट म्हणतात.

नॅटचा जनक कोण याविषयी एकमत नाही. सामान्यतः एगेवांग आणि फ्रान्सिस यांच्या मे १९९४ मधील आरएफसी १६३१ चा निर्देश केला जातो. मात्र पॉल फ्रान्सिस यांनीच, त्सुचिया या पूर्वीच्या आडनावाने, टोनी इंग यांच्यासह जानेवारी १९९३ मध्ये पत्त्यांच्या पुनर्वापरावर लेख प्रसिद्ध केला होता. त्याही आधी, डिसेंबर १९९१ च्या आरएफसी १२८७ मध्ये, पत्ता जगभर एकमेव न ठेवता छोट्या प्रदेशापुरता एकमेव ठेवावा आणि सीमेवरच्या यंत्राने तो बदलावा, असा पर्याय मांडलेला आढळतो. कल्पनेचे मूळ या टिपणात आणि प्रत्यक्ष रचनेचे १९९३ च्या लेखात मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आजचा घरगुती राउटर पत्त्याबरोबर पोर्ट क्रमांकही (एकाच पत्त्यावरची वेगवेगळी दारे ओळखण्याचा आकडा) बदलतो. या प्रकाराची परिभाषा आरएफसी २६६३ (ऑगस्ट १९९९) मध्ये स्थिरावली. आरएफसी १६३१ मध्ये हा तोडगा अल्पकालीन म्हणून सुचवलेला होता, हे विशेष.

पत्त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. त्यानंतर सेवादात्यांनी आपल्याकडेही नॅटचा आणखी एक थर बसवण्याचे प्रमाण वाढले. याला सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा राखून ठेवला. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर या पट्ट्यातील पत्ता दिसला, किंवा तेथील पत्ता आणि बाहेरच्या संकेतस्थळाने दाखवलेला पत्ता वेगळे निघाले, तर जोडणी सीजीनॅटमागे आहे असे समजावे. तेथे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी राउटरने नॅसकडे वळवणे) कितीही अचूक केले तरी चालत नाही, कारण बाहेरचे दार आपल्या राउटरवर नसतेच. पुष्कळांचे रविवार या एका गोष्टीपायी वाया जातात.

सार्वजनिक पत्ता मिळत असेल, तर बदलत्या पत्त्याला नाव देणारी डीडीएनएस सेवा आणि राउटरवर व्हीपीएनपुरते, म्हणजे इंटरनेटमधून घरच्या नेटवर्कपर्यंत जाणाऱ्या सुरक्षित बोगद्यापुरते, एक पोर्ट पुरते. सीजीनॅट असल्यास सेवादात्याकडून शुल्क भरून स्टॅटिक आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) घेणे, आयपीच्या सहाव्या आवृत्तीचा उपयोग करणे, भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर दोन्ही टोके भेटवणे किंवा टेलस्केल, झिरोटियर यांसारखी जाळी-सेवा घेणे, हे मार्ग उरतात. जाळी-सेवेत दोन्ही बाजूंनी आतून बाहेर पाठवलेल्या संदेशांच्या आधारे थेट वाट काढतात. न जमल्यास मधल्या सर्व्हरमार्फत रहदारी जाते, म्हणून वेग घटतो. उत्पादकांच्या स्वतःच्या मध्यस्थ सेवाही असतात. त्या सोयीच्या आहेत, पण नॅसचे लॉगिन पान त्यांमुळे बाहेर उघडे पडते का, हे तपासून घ्यावे.

व्हीपीएनमध्ये ओपनव्हीपीएन जुने आहे. जेसन डोनेनफेल्ड यांचे वायरगार्ड मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत समाविष्ट झाले. योग्य किल्ली नसलेल्या संदेशाला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तेथे काही आहे याचा पत्ता लागत नाही. घरगुती वापरासाठी ते श्रेयस्कर. एक चूक मात्र वारंवार आढळते. नागपूरच्या घरी १९२.१६८.१ चे नेटवर्क आणि पुण्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्येही तेच. मग बोगदा उभा राहूनही संगणक नॅसला पुण्याच्याच घरात शोधत बसतो. घरचा पट्टा आधीच १९२.१६८.४७ असा काहीतरी वेगळा करावा.

फाइल-वाटपाचा एसएमबी हा नियमसंच १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आयबीएममध्ये आकाराला आला असे मानतात. त्याचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडू नये. १२ मे २०१७ रोजी पसरू लागलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम याच नियमसंचाच्या जुन्या आवृत्तीच्या हाताळणीतील दोषावर स्वार झाला होता, आणि जानेवारी २०२२ पासून डेडबोल्ट या तशाच प्रोग्रामने इंटरनेटवर थेट उघड्या असलेल्या नॅसमधील फायली खंडणीसाठी कुलूपबंद केल्या. राउटरवरील यूपीएनपी ही आपोआप पोर्ट उघडण्याची सोय चालू असल्यास नॅस विचारल्याशिवाय पोर्ट उघडवू शकतो. ते बंद ठेवावे. अनेक डिस्क एकत्र वापरणारी रेड रचना सामान्यतः एक डिस्क बिघडली तरी काम चालू ठेवते, पण पुसलेली फाइल परत देत नाही. दुसरी प्रत वेगळीकडे हवीच.

वेग घरच्या अपलोडवर ठरतो. १० जीबीचे लग्नाचे चित्रण १०० एमबीपीएस अपलोडवर सुमारे १३ मिनिटांत, २० एमबीपीएसवर तासाहून अधिक काळात पोचते.

नागपुरातील वापरात उन्हाळ्याचा विचार अपरिहार्य ठरतो. घरगुती नॅससाठी सभोवतालच्या तापमानाची मर्यादा बहुधा ४० अंश सेल्सिअस दिलेली असते. मे महिन्यात शहराचा पारा ४५ च्या आसपास जाणे नवे नाही. सुट्टीत घराला कुलूप लागते, कूलर बंद होतो, खोली तापते, आणि दूरप्रवेशाची गरजही नेमकी तेव्हाच असते. तापमानाची सूचना मोबाइलवर येईल आणि मर्यादा ओलांडताच पेटी आपोआप बंद होईल अशी सोय करावी. घरी माणसे असताना नॅस कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. ती हवा थंड असली तरी ओलसर असते. लाइट गेल्यावर नॅस, राउटर आणि फायबरची पेटी या तिन्हींना यूपीएस हवा, कारण एकट्या नॅसला तो देऊन बाहेरून काहीच उघडत नाही. वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग निघण्यापूर्वी लावावी, आणि सारी चाचणी घरचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर घ्यावी.