सोसायटीचा एसटीपी अन् मनपाची गडर लाईन: एक असलं की दुसरं नको का?

नागपुरात मनीषनगर, हुडकेश्वर, वर्धा रोड, कुठंही रस्ता खोदून गडरचे मोठे पाईप टाकणं सुरू झालं की ज्या सोसायटीत स्वतःचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करायचा छोटा प्लांट आहे, तिथं हा वाद हमखास निघतो. एक गट म्हणतो, "आपला एसटीपी आहे नं, मग गडरचं कनेक्शन काहून घ्यायचं?" दुसरा म्हणतो गडर आली, आता एसटीपीला कुलूप ठोका, लाईट बिल वाचेल. दोघंही अर्धवट बोलतात.

गडर लाईन काहीच साफ करत नाही. ती घाण पाणी उतारानं वाहून नेते, बस. साफसफाई होते ती पार दुसऱ्या टोकाला, म्हणजे भांडेवाडीसारख्या शहराच्या मोठ्या प्लांटमध्ये. एसटीपीचं उलटं आहे, तो पाणी साफ करतो पण कुठं नेत नाही, साफ झालेलं पाणी तिथंच टाकीत पडून राहते अन् त्याचं काय करायचं ते तुम्ही बघा.

आता हिशोब लावा. 100 फ्लॅट, घरात 5 माणसं, माणशी 135 लिटर पाणी, म्हणजे दिवसाला 67,500 लिटर, त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होते, म्हणजे 54,000. साफ केलेलं पाणी फ्लशला वापरलं, माणशी 45 लिटर धरलं, तर 22,500 लिटर खपलं, तेही फ्लशची पाईपलाईन वेगळी टाकली असेल तरच, बऱ्याच बिल्डिंगीत ती नसतेच. उरले 31,500. एप्रिल-मे मध्ये बगीचा थोडंफार पिऊन घेते, पण जुलैत झाडांना पाणी कोण घालते बाप्पा? मग ते रात्री गुपचूप मागच्या नाल्यात सोडतात. म्हणून स्वतःचा प्लांट असला तरी गडरला जोडणी हवीच, उरलेल्या पाण्यासाठी अन् प्लांटमध्ये हवा सोडणारा ब्लोअर जळला त्या दिवसासाठी पण. जवळून मनपाची लाईन जात असेल तर मालकाला जोडायला लावायचा अधिकार महापालिका कायद्यानं आयुक्तांना दिलेला आहे, यात जुलूम वगैरे मला तरी दिसत नाही. जोडताना उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह मात्र बसवून घ्या, नाहीतर जोराच्या पावसात गडर तुंबली की सगळं तुमच्याच चेंबरमध्ये परत येते.

आता कुलूपवाल्यांचं. 20,000 चौरस मीटरच्या वर बांधकाम असलं की पर्यावरण मंजुरी लागते, तिच्यात एसटीपी चालवायची अट असते, अन् प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीही त्यावरच असते. रस्त्यात पाईप आला म्हणून ती अट आपोआप उडत नाही, आधी लेखी परवानगी काढा.

पण खरं सांगू का, कित्येक प्लांट चालू असून बंदच असतात. वीज वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवतात, हवेवर जगणारे जिवाणू मरतात अन् सकाळी वास सुटतो. तपासायचं असेल तर ऑपरेटरला एरेशन टँकचं, म्हणजे हवा सोडतात त्या टाकीचं, पाणी लिटरभर काचेच्या उभ्या भांड्यात घ्यायला सांगा अन् अर्धा तास हलवू नका. तपकिरी गाळ खाली बसून वर नितळ पाणी दिसलं तर प्लांट जिवंत आहे. सगळं काळं अन् सडक्या अंड्याचा वास, तर तुम्ही फुकट पगार देताय. असा मेलेला छोटा प्लांट ओढत बसण्यापेक्षा, मंडळ परवानगी देत असेल तर सगळं गडरला दिलेलं केव्हाही बरं. पाणी वाया जाते असंही नाही, भांडेवाडीत साफ झालेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते.

फक्त तुमच्या रस्त्यातली लाईन खरंच भांडेवाडी किंवा दुसऱ्या कुठल्या प्लांटपर्यंत पोचते का, हे झोन ऑफिसात नकाशा काढायला लावून बघा. काही लेआउटच्या लाईन पुढं जाऊन सरळ नाल्यात सुटतात, नाला नाग नदीत, नाग कन्हानमध्ये, तिथून वैनगंगेत अन् मग गोसीखुर्दच्या धरणात. तशी लाईन असेल तर तुमचा एसटीपी बंद करून शहराची घाण वाढवण्यापलीकडं काही होणार नाही, अन् मनपानंही आधी लाईन पुढं जोडावी मग सोसायट्यांना नोटिसा पाठवाव्या.