लघुग्रहाच्या रंगावरून त्याचा पृष्ठभाग: पार्श्वभूमी

खगोलशास्त्रज्ञ पियाझी यांनी 1801 मध्ये पालेर्मोहून सेरेसचा शोध लावला आणि पुढच्याच वर्षी विल्यम हर्शेल यांनी अशा पिंडांना ‘अ‍ॅस्टेरॉइड’, म्हणजे ताऱ्यासारखे दिसणारे, हे नाव सुचवले. अडचण या नावातच आली आहे. सुमारे 525 किलोमीटर व्यासाचा वेस्टा हा लघुग्रहसुद्धा पृथ्वीच्या सर्वांत जवळ असताना एका विकलेपेक्षा (अंशाच्या 3600 व्या भागापेक्षा) लहान दिसतो आणि वातावरणाच्या थरथरीत तेवढेही बिंब पुसट होते. त्यामुळे जमिनीवरच्या निरीक्षकाच्या हाती उरतात त्या दोनच गोष्टी, तेजस्विता आणि रंग.

इरॉस या लघुग्रहाची तेजस्विता कमी-जास्त होते, हे 1901 मध्ये लक्षात आले. पिंड लांबुळका असेल किंवा त्याच्यावर उजळ-गडद डाग असतील. दोन्ही कारणे संभवत होती. नुसत्या प्रकाशवक्रावरून, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या तेजस्वितेच्या आलेखावरून, या दोहोंचा निवाडा होत नाही, हे हेन्री नॉरिस रसेल यांनी 1906 मध्ये गणिताने दाखवले. रंगाचे महत्त्व इथे कळते. बदल केवळ आकारामुळे होत असेल, तर निळ्या आणि तांबड्या प्रकाशात तो जवळपास सारखाच दिसायला हवा. परिवलनाबरोबर रंगही बदलत असेल, तर पृष्ठभाग सर्वत्र एकसारखा नाही. मात्र उलट अनुमान काढता येत नाही, कारण एकाच रंगाचे उजळ आणि गडद भाग या कसोटीतून निसटतात.

बोब्रोव्निकॉफ यांनी 1929 मध्ये लिक वेधशाळेतील वर्णपटांवरून वेस्टाचा रंग परिवलनाबरोबर बदलत असल्याचे नोंदवले. पण खरी अचूकता आली ती प्रकाशविद्युत मापनामुळे आणि जॉन्सन व मॉर्गन यांच्या 1953 च्या यूबीव्ही (अतिनील, निळा आणि दृश्य अशा तीन फिल्टरांच्या) पद्धतीमुळे. हे काम जिकिरीचे असते: फिल्टर आलटून पालटून लावायचे, शेजारच्या ताऱ्याशी तुलना करायची आणि काही शतांश प्रतींचा (प्रत म्हणजे तेजस्वितेचे एकक) फरक पकडायचा. वेस्टा 5.34 तासांत एक फेरी पूर्ण करतो. म्हणजे दोन फिल्टरांच्या मोजणीत दहा मिनिटांचे अंतर पडले, तर तो मधल्या वेळेत सुमारे 11 अंश फिरलेला असतो आणि दिसणारा ‘रंगबदल’ फसवा ठरू शकतो.

मॅककॉर्ड, अ‍ॅडम्स आणि जॉन्सन यांनी 1970 मध्ये वेस्टाच्या परावर्तित प्रकाशात 0.9 मायक्रॉनजवळ पायरॉक्सिन या खनिजाची खूण दाखवली आणि तिची सांगड बेसाल्टी उल्कापाषाणांशी घातली. रंगाला खनिजशास्त्राचा आधार मिळाला तो तेव्हा. पुढे 1985 च्या आठ-रंगी सर्वेक्षणाने 589 लघुग्रहांची मोजणी केली. ते काम मोठे असले तरी मुख्यतः वर्गीकरणाचे होते. एकाच पिंडाच्या वेगवेगळ्या बाजूंचा अभ्यास वेस्टावरच अधिक बारकाईने झाला आणि मायकेल गॅफी यांनी 1997 मध्ये परिवलनाबरोबर बदलणाऱ्या वर्णपटांवरून त्याच्या खडकांचा नकाशाही मांडला.

अशा नकाशात रेखांश बऱ्यापैकी कळतो, अक्षांशाबाबत मात्र संदिग्धता राहते. ध्रुवाजवळचा भाग परिवलनात फारसा दृष्टीआड होत नाही, म्हणून त्याचा ठसाही क्षीण उमटतो. वेस्टाच्या दक्षिण ध्रुवाजवळचे सुमारे 460 किलोमीटर रुंदीचे विवर हबल दुर्बिणीच्या 1996 मधील छायाचित्रांतून उघड झाले. 2011 मध्ये तिथे पोचलेल्या डॉन यानाच्या मापनांनुसार त्याची रुंदी सुमारे 500 किलोमीटर भरली.