स्प्रिंगचे दबणे आणि ऊर्जेची अक्षय्यता

वेगाने येऊन आदळलेली किंवा उंचावरून पडलेली वस्तू स्प्रिंगला जास्तीत जास्त किती दाबेल, हे ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमावरून (ऊर्जेचे रूप बदलते, पण एकूण ऊर्जा तेवढीच राहते) काढण्याची रीत. स्प्रिंगचे बल क्षणाक्षणाला बदलते, त्यामुळे एकसमान त्वरणाची समीकरणे इथे चालत नाहीत. ऊर्जेच्या हिशेबात मधल्या प्रवासाची चौकशीच करावी लागत नाही. सुरुवातीची आणि शेवटची स्थिती नीट ठरवली की पुरते.

रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार स्प्रिंगचे बल तिच्या दबण्याच्या प्रमाणात वाढते: बल = क × क्ष. ‘क’ हा स्प्रिंगचा स्थिरांक, म्हणजे तिच्या ताठपणाचे माप, ‘क्ष’ हे मूळ लांबीपासूनचे दबणे. बल शून्यापासून सरळ रेषेत चढते, म्हणून सरासरी बल निम्मे आणि स्प्रिंगमध्ये साठलेली (स्थितिज) ऊर्जा ½ × क × क्ष². दबणे दुप्पट, तर ऊर्जा चौपट.

समजा, उभ्या स्प्रिंगच्या वरच्या टोकापासून ०.८ मीटर उंचीवरून २ किलोग्रॅमचा ठोकळा सोडला. क = १,००० न्यूटन प्रति मीटर आणि गुरुत्व त्वरण १० मीटर प्रति सेकंद². सोडताना ठोकळा स्थिर असतो, सर्वांत खालीही तो क्षणभर थांबतो. म्हणजे दोन्ही वेळी गतिज (वेगामुळे असणारी) ऊर्जा शून्य, आणि खाली येताना गुरुत्वाकर्षणाने केलेले सगळे कार्य (वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची) स्प्रिंगमध्ये साठते. बहुतेकांचे गणित चुकते ते पुढच्या पायरीवर. ठोकळा ०.८ मीटर नव्हे, ०.८ + क्ष मीटर खाली येतो, कारण स्प्रिंग दबत असतानाही गुरुत्वाकर्षण कार्य करतच असते. म्हणून:

२ × १० × (०.८ + क्ष) = ½ × १,००० × क्ष²

या वर्गसमीकरणाची उत्तरे ०.२ आणि −०.१६. म्हणजे स्प्रिंग २० सेंटीमीटर दबते. ऋण उत्तर आपण सोडून देतो, पण ते निरर्थक नाही: ठोकळा स्प्रिंगला चिकटून राहिला असता, तर उसळून मूळ लांबीच्या १६ सेंटीमीटर वर पोचला असता.

वजन आणि स्प्रिंगचे बल समान मानून उत्तर काढले, तर फक्त २ सेंटीमीटर येतात. तो समतोलाचा बिंदू. ठोकळ्याचा वेग तिथेच सर्वाधिक असतो, थांबण्याचा प्रश्नच येत नाही. २० सेंटीमीटरवर स्प्रिंगचे बल २०० न्यूटन, वजनाच्या दहापट, असते. वेग शून्य असला तरी वरच्या दिशेचे त्वरण ९० मीटर प्रति सेकंद² असते, म्हणून ठोकळा लगेच उसळतो.

आडव्या, खडबडीत पृष्ठभागावर घर्षणात गेलेली ऊर्जा वजा करावी लागते. स्प्रिंगवर जड तबकडी असून ठोकळा तिला चिकटत असेल, तर धडकेतच काही ऊर्जा उष्णतेत जाते. अशा वेळी धडकेनंतरचा वेग संवेग (वस्तुमान × वेग) अक्षय्यतेवरून काढावा आणि ऊर्जेचे समीकरण त्यापुढेच मांडावे.