टॉर्च मारून बेअरिंग बसतं, पण मरतं

जळगावच्या एमआयडीसीत जुन्या लेथवाल्यांचा एक समज पक्का आहे: स्पिंडलवर, म्हणजे लेथच्या फिरत्या दांड्यावर, नवं बेअरिंग चढत नसेल तर गॅसची टॉर्च मारा, सरकन बसतं. बसतं खरं! पण आतली रिंग निळी पडली, तर पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलंय आणि त्याचा कडकपणा उतरलाय. ते बेअरिंग भंगारातच टाका.

साधं बेअरिंग १२० अंशांच्या वर नेऊच नये. स्पिंडलपेक्षा ८०-९० अंश जास्त असलं की पुरतं. स्वच्छ तेलाच्या डब्यात, तळाला न टेकवता, जाळीवर ठेवून तापवा. तेलात थर्मामीटर हवाच. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी स्पिंडलच चाळिशीत असतो, त्यावर ८०-९० अंश चढवले की १२० ची हद्द ओलांडते, म्हणून हे काम सकाळीच काढा.