विरघळणाऱ्या खिळ्यांचं शरीरात पुढे काय होतं?

‘टाके काढायला यायला नको, ते आपोआप विरघळतील,’ असं डॉक्टर म्हणाले की आपण निश्चिंत होतो. पण हे विरघळणं पाण्यात साखर विरघळावी तसं नसतं. असे टाके किंवा हाडं जोडणारे खिळे ज्या प्लास्टिकचे असतात, त्याच्या लांबलचक रेणुसाखळ्या शरीरातल्या पाण्याने तुटत जातात आणि उरलेला भुगा आपल्या रोगप्रतिकारक पेशींना उचलावा लागतो.

फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी हे जवळून पाहिलं. मोडलेला घोटा जोडायला त्यांनी धातूच्या स्क्रूऐवजी पॉलिग्लायकोलिक आम्ल या विरघळणाऱ्या प्लास्टिकचे खिळे वापरले. स्क्रू काढण्याचं दुसरं ऑपरेशन टळावं, हा हेतू. पण काही रुग्णांच्या जखमेपाशी पुढे दुखरा, लालसर फुगवटा आला. काहींचा फुटून द्रव वाहू लागला, तरी त्यात जंतू नव्हते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबात असे खिळे बसवलेले २,०३७ रुग्ण होते. त्यांपैकी १०७ जणांना हा त्रास झाला, तोही ऑपरेशननंतर सरासरी ११ आठवड्यांनी. म्हणजे खिळा ढासळू लागला तेव्हा.

तिथे जमलेल्या भक्षक पेशी कण गिळतात. मोठा तुकडा एकटीला झेपत नाही, तेव्हा अनेक पेशी एकमेकींत मिसळून एक महाकाय पेशी तयार होते. भुगा त्यांच्या आवाक्याबाहेर गेला की सूज वाढते. टाक्याच्या बारीक दोऱ्यात प्लास्टिक इतकं थोडं असतं, की तिथे सहसा निभावून जातं.

मग सावकाश विरघळणारं प्लास्टिक घ्यावं? पॉलिलॅक्टिक आम्ल तसंच आहे. पण नेदरलँड्समध्ये त्याच्या पट्ट्यांनी गालाचं हाड जोडलेले काही रुग्ण तीन वर्षांनंतर सुजलेला गाल घेऊन परतले. पट्टीचे स्फटिकासारखे कण अजून तिथेच होते. हाड कधीच भरून आल्यावर उद्भवणारी ही सूज मला जास्त अस्वस्थ करते, कारण तोवर डॉक्टरांकडच्या फेऱ्याही थांबलेल्या असतात.

या प्लास्टिकमधून सुटणारं लॅक्टिक आम्ल दह्यातही असतं, थकलेल्या स्नायूंतही. म्हणून ते निरुपद्रवी मानलं गेलं आणि सूज आलीच तर दोष आंबटपणाला दिला गेला. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये वेगळा धागा दाखवला: हे अवशेष भक्षक पेशींचा ऊर्जा मिळवण्याचा मार्गच बदलतात. पेशी ग्लुकोज झपाट्याने जाळू लागतात आणि दाह वाढवणारी रसायनं सोडतात. ग्लुकोज जाळण्याच्या या वाटेला लगाम घालणारी द्रव्यं प्लास्टिकमध्येच मिसळली, तेव्हा उंदरांमधला दाह उतरला.